मिठीचं निमित्त

बाबा गॅलरीत कढीपत्त्याला पाणी घालत होते. मी जाऊन त्यांना घट्ट मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदाच. दोन महिन्यांनी मीही बाप होणार आहे आणि होणाऱ्या बापांच्या शिबिरातल्या मॅडमनी हा गृहपाठ दिला होता.

बाबा खांबासारखे उभे. त्यांच्या तांब्यातलं पाणी माझ्या पाठीवर सांडत होतं.

“नोकरी गेली का?” त्यांनी विचारलं.

आमच्याकडे धडधाकट माणसाला कुणी मिठी मारत नाही, त्यामुळे शंका रास्तच होती. मी ‘नाही’ म्हणणार, तेवढ्यात त्यांचा मोकळा हात माझ्या डोक्यावरून फिरायला लागला.

“हो,” मी म्हणालो.

“जाऊ दे रे. दुसरी मिळेल.” मग ते आत वळून ओरडले, “अगं, शिरा टाक! याची नोकरी गेली!”

लोक नोकरी गेल्याचं घरी लपवतात. मी नोकरी असल्याचं लपवायला लागलो. बायको कटात सामील आहे, शिरा तिलाही आवडतो.

सोमवारी दारात बाबांनी माझी बॅग पाहिली. “इंटरव्ह्यू?” मी मान हलवली. त्यांनी माझी कॉलर नीट केली आणि या वेळी मिठी त्यांनी मारली. जरा तिरकीच, हेल्मेटसकट.

तेव्हापासून मी रोज इंटरव्ह्यूला जातो.

परवा मला बढती मिळाली. संध्याकाळी शक्य तेवढं तोंड पाडून घरी आलो.

“नाही झालं?” म्हणत बाबांनी दोन्ही हात पसरले.