रणजितच्या नावाचा उपवास

सायकल पडवीच्या खांबाला टेकवून रणजित सतरंजीवर आडवा झाला, दोन्ही पाय भिंतीला वर लावले आणि म्हणाला, "अनिता, भात झालाय का? अर्ध्या तासाच्या आत पोटात जायला पायजे."

अर्ध्या तासात खाल्लं नाही तर सगळी मेहनत पाण्यात जाते, हे त्याला पुण्याच्या कोचनं फोनवर सांगितलं होतं. कळंबला खताचं दुकान चालवणारा हा गडी, पण वेळापत्रक परदेशातल्या, सायकलीवरच पोट भरणाऱ्या रेसवाल्यांचं. त्यांना म्हणे दुसरं काम नसतं. रणजितलाही आताशा नव्हतं. सकाळी दुकान उघडायचं ते अनितानं, त्याच्याही आधी भेंडी तोडायची ती अनितानं. आज तो नरसिंहपूरपर्यंत जाऊन आला होता, आणि रविवारी बारामतीला रेस होती.

अनिता आतून ताटात भात, डाळ, दही आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. तिच्या स्वतःच्या पोटात घट बसल्यापासून भगर आणि दोन-चार खजूर, एवढंच गेलं होतं. आज सातवी माळ होती.

या घरात नवरात्र थोरल्या मुलानं धरायचं. सासऱ्यांना, महिपतरावांना शुगर निघाली तेव्हा ते रणजितकडं आलं. पण त्याच सुमाराला त्याच्यामागं कोच लागला होता आणि उपाशी राहायचं नाही, अशी त्याची सक्त ताकीद होती. मग सासूबाईंनी, चंद्राबाईंनी तोड काढली. नवऱ्याच्या नावानं बायकोनं धरलं तरी देवीला चालतं, म्हणाल्या. अनिताला चालतं का, हे कुणी विचारलं नाही.

"आज पार जीव गेला गं," रणजित भिंतीवरचे पाय न काढता सांगत होता. "सराटीच्या पुढं डोळ्यापुढं अंधारीच आली. कोच म्हणला, उद्या पाय उचलायचा न्हाय. दुकान तूच बघ उद्याबी."

अंधारी तिलाही आली होती. सकाळी भेंडीच्या सरीत पाटी भरता भरता ती तोंडावर पडली. शेजारच्या साखरबाईनं बांधावर आणून बसवलं, तोंडावर पाणी मारलं. कपाळावर चांगलं बोटभर खरचटलं होतं. घरी आल्यावर चंद्राबाईंनी विचारलं ते, भेंडी किती निघाली.

रणजित उठून बसला. ताटाकडं बघून त्याचं तोंड वाकडं झालं.

"एवढाच भात? उपाशीपोटी लोड झेपत न्हाय माणसाला. तुला न्हाय कळायचं त्यातलं."

अनिताच्या मस्तकात तिडीक गेली. गेले सात दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं. तिनं ताट त्याच्यापुढं ठेवलंच नाही. तशीच वळली, देवघरात गेली आणि घटासमोर मांडी घालून बसली. डाळ भातावर ओतली, कालवली आणि पहिला घास तोंडात घातला.

नंदादीपात तेल घालणाऱ्या चंद्राबाईंचा हात थांबला.

"अगं बाई, काय करतीस? उपास हाय तुझा."

"माझा न्हाय, आत्या. ह्यांचा हाय. घट बसवताना संकल्पाचं पाणी सोडलं, तवा तुमीच ह्यांचं नाव घेतलं. मोडला तर ह्यांचा मोडला."

रणजित लंगडत दारापर्यंत आला. "येड लागलं का तुला? रविवारवर रेस आली आणि तू हितं तमाशा लावलायस?"

"सकाळी सरीत पडले मी." अनिता घास चावत होती, आवाज चढू देत नव्हती. "कपाळ फुटलंय. दिसतंय का कुणाला?"

रणजितनं पहिल्यांदाच नीट बघितलं. "मग सांगायचं न्हाय व्हय?"

"कुणाला सांगू? तुमी पाय वर करून पडलाय. तुमची अंधारी सगळ्या घरानं ऐकायची, आणि माझी साखरबाईनं."

अनितानं आणखी एक घास घेतला आणि बाहेर खाटेवर बसलेल्या महिपतरावांना मोठ्यानं विचारलं, "मामा, उपास मोडला तर काय करायचं आपल्यात?"

आयुष्यभर हे नवरात्र महिपतरावांनी स्वतः धरलं होतं, पेरणी-खुरपणी करून धरलं होतं. ते म्हणाले, "ज्याच्या नावाचा हाय, त्यानं त्याच घटकंपासनं सोता धरायचा. घट उठंस्तवर."

"आबा, घट सोमवारी उठत्यात," रणजित म्हणाला. "रविवारी रेस हाय माझी. वर्षभर मरमर केलीया."

"मी रीत सांगितली. पुढचं तुमी बघा."

रणजितनं आईकडं बघितलं. लहानपणी ताप आला की जिनं त्याला मांडीवर घेऊन घासघास भरवलं होतं, ती आई. देवघराला लागूनच चूल होती, आणि उरलेल्या भाताचं पातेलं तिच्या हाताशीच होतं. तो खाली बसला आणि त्यानं पातेल्याकडं हात नेला.

"आई, तू तरी सांग हिला."

चंद्राबाई सुनेच्या कपाळाकडं बघत होत्या. त्यांनी पातेलं त्याच्या हाताखालून ओढून घेतलं आणि उरलेला सगळा भात अनिताच्या ताटात पालथा केला.