पहिलं गिऱ्हाईक

रतिलालशेठच्या गळ्याभोवती कापड बांधून मगननं वस्तऱ्यासाठी मागे हात केला. कामिनीनं नवं ब्लेड बसवून वस्तरा तयार ठेवला होता. तो वडिलांच्या हातात द्यायला तिला जरा वेळ लागला. आजचं पहिलं गिऱ्हाईक तिनं घ्यायचं, असं काल ठरलं होतं.

आठ महिने ती शिकत होती. आधी फुग्यावर साबण लावून, मग वडिलांच्या गालावर, सगळ्यात शेवटी गळ्यावर. मगनचा उजवा हात दिवाळीपासून थरथरू लागला होता, म्हणून त्यानंच तिला वस्तरा धरायला शिकवलं. कातडी ताणून धर, पातं झोपव, जोर लावू नको, असं तो रोज सांगायचा. काल त्याच्या गळ्यावर एक ओरखडाही उठला नाही. आरशात मान वळवून त्यानं दोनदा पाहिलं आणि म्हणाला, उद्यापासून खुर्ची तुझी.

पण सकाळी दुकानाचं दार उघडताच आले ते रतिलालशेठ. दोंडाईच्यातले मिरचीचे जुने व्यापारी, तीस वर्षांचं गिऱ्हाईक. मगननं कामिनीकडे पाहिलंच नाही. कंगवे धुऊन टाक, म्हणाला.

शेठ मोबाइलवर मिरचीचे भाव पाहत होते. मगननं फेस लावला, डावा गाल कसाबसा उतरवला. हनुवटीपाशी त्याचा हात उडाला. फेसात लाल रेघ आली.

शेठनं तोंड वाकडं केलं. मगननं पटकन तुरटी लावली आणि म्हणाला, "पोरीनं ब्लेड वाकडं बसवलं, शेठ. आत्ता बदलतो."

कामिनीच्या हातातला कंगवा पाण्यातच राहिला. शेठनं तिच्याकडे न पाहताच सांगितलं, की झाडण्या-पुसण्यापुरतं ठीक आहे, हत्यारांना मुलीचा हात लागू देऊ नये. मगन हो हो म्हणाला.

मग त्यानं टॉवेल गार पाण्यात पिळला. उन्हातून आलात, जरा डोळ्यांना बरं वाटेल, म्हणत शेठच्या डोळ्यांवर ठेवला. शेठनं मोबाइल मांडीवर टाकून मान मागे टेकवली. मगन वळला आणि वस्तरा कामिनीपुढे धरला. एक बोट ओठांवर ठेवलं.

ती वस्तऱ्याकडे पाहत राहिली. मगननं मान हलवली, लवकर. तिनं वस्तरा घेतला.

वडिलांच्या चेहऱ्याची तिला सवय होती. हा चेहरा परका होता, कातडी सैल, केस उलटसुलट वाढलेले. डाव्या हाताची दोन बोटं तिनं गालावर ठेवली आणि कातडी वर ओढली. पहिल्या दोन ओळी उतरेपर्यंत तिनं श्वास रोखून धरला होता. मग पात्याचा बारीक करकर आवाज एकसारखा येऊ लागला, तसा श्वास मोकळा झाला. उजवा गाल झाला. हनुवटीवरची जखम चुकवून ती गळ्यावर आली. तिथं नरड्याचं हाड वरखाली होत होतं. ते खाली जाईपर्यंत ती थांबायची, मग एक ओळ ओढायची. शेजारी उभा राहून मगन मध्येमध्ये "मान जरा इकडे, शेठ" म्हणत होता, म्हणजे आवाज त्याचाच येत राहावा.

एकदम शेठच्या नाकपुड्या फुगल्या. तिनं वस्तरा उचलला आणि त्याच क्षणी ते जोरात शिंकले. मिरचीच्या आडतीत बसणाऱ्या माणसाची शिंक, अख्खी खुर्ची हलली.

टॉवेलखालीच शेठ हसले. "बघा, शिंक यायच्या आधी वस्तरा उचलला. मगनभाऊ, असा हात गावात दुसरा नाही."

"तीस वर्षं झाली, शेठ," मगन म्हणाला.

तिनं उरलेला गळा पूर्ण केला. मगननं तिच्या हातातून वस्तरा काढून घेतला आणि मगच टॉवेल उचलला. शेठनं गालावरून हात फिरवला, समाधानानं मान डोलावली आणि निघून गेले.

कामिनी नळाशी उभी होती. मगन जवळ आला.

"हात तुना, नाव मनं," तो हळूच म्हणाला. "बठ्ठं घरमाच शे ना, माय."

हात तिचा, नाव त्याचं, आणि सगळं म्हणे घरातच. तेवढ्यात चिंधाआबा आले, शेजारच्या गावचे शेतकरी. टोपी खुंटीला अडकवून खुर्चीत बसले. मगननं त्यांना फेस लावला, पुन्हा टॉवेल पिळला, त्यांच्या डोळ्यांवर ठेवला आणि वस्तरा मागे धरला. या वेळी त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

कामिनीनं वस्तरा घेतला. खुर्चीसमोर आली आणि दुसऱ्या हातानं आबांच्या डोळ्यांवरचा टॉवेल काढला.

"आबा, डोळे उघडा. दाढी मी करतेय."

आबांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, वस्तऱ्याकडे पाहिलं, मग आरशातून मगनकडे.

"मगन, हाई पोर करी का?"

मगननं फक्त हो म्हणायचं होतं. त्यानं कोपऱ्यातला झाडू उचलला आणि खुर्चीमागे झाडू लागला. फरशीवर एक केसही नव्हता, तरी तो झाडत राहिला. आबा वाट पाहत होते. त्यांच्या गालावरचा फेस सुकू लागला होता. कामिनी वस्तरा धरून उभी राहिली, आणि तिचा हात जरासुद्धा हलत नव्हता.