दादामागची व्हॅन

"अरे, ओत की पाणी! मुहूर्त बघतोयस का?" दादा ओरडला.

धाकट्यानं घाईघाईनं बाटली उघडून दादाच्या मानेवर पाणी ओतलं. घाटमाथा आला होता. दादा हँडसायकलवर जवळजवळ उताणाच होता. पाय पुढं पसरून पट्ट्यांनी बांधलेले, छातीसमोर पायडल. पायडल म्हणायचं खरं, पण मारायचं हातानं. ही तीनचाकी जमिनीला इतकी चिकटून चाले, की मागच्या काठीवर लाल झेंडा नसता तर ट्रकवाल्यांना ती दिसलीही नसती. त्या झेंड्यामागं व्हॅन हाकत राहायचं, हे धाकट्याचं काम.

"चढ मी चढलो आणि तोंड तुझं उतरलंय! काय झालं?"

"ऊन लागलं."

"बरं. आता उतारच उतार. ब्रेक बघितलास ना?"

"बघितला," धाकटा म्हणाला. त्याची नजर सारखी पुढच्या चाकाकडं जात होती आणि तो ती ओढून परत आणत होता.

बऱ्याच वर्षांपूर्वी अपघात झाला, त्या दिवशी गाडी धाकट्याच्या हातात होती. गाडी उलटली, ह्याला साधं खरचटलंही नाही आणि दादाचे पाय गेले. आईनं जाताना धाकट्याचा हात धरून एवढंच म्हटलं, "त्याला सोडू नकोस रे." ती सुटली, हा अडकला.

तेव्हापासून तो दादाला तळहाताच्या फोडासारखा जपत आला. उचलून गाडीत बसवायचं, खुर्ची ढकलायची, स्वयंपाक, औषधं, आल्यागेल्याचा चहा. पायांना मात्र दादा कुणाला हात लावू देत नसे. अंघोळ, मालिश सगळं दार लावून, एकट्यानं. "पाय गेलेत, लाज नाही गेली," म्हणायचा. धाकट्याला त्याचं कौतुकच वाटे. एकदा धाकटा बाजारात असताना वादळ सुटलं. धावत घरी येऊन बघतो, तर सकाळी उघडी ठेवलेली पोटमाळ्याची खिडकी बंद. "शेजारचे येऊन गेले," दादा म्हणाला. शेजारी भले मिळाले, असं म्हणत धाकटा भाजी चिरायला बसला.

वाचनालयात काम करणारी एक मुलगी धाकट्यासाठी वर्षानुवर्षं थांबली होती. आता तिची बदली झाली. ती म्हणाली, "येणार असशील तर ह्या वर्षात सांग. नसशील तरी सांग. पण 'दादाला विचारतो' हे आता मी ऐकणार नाही."

धाकट्यानं तरीही दादालाच विचारलं. दादा म्हणाला, "राज्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हँडसायकलनं जातो. माझं मला सगळं जमतं हे एकदा सिद्ध होऊ दे. मग तू मोकळा. खुशाल जा तिच्याबरोबर."

मग काय विचारता! धाकटा हात धुऊन दादाच्या तयारीमागं लागला. पहाटे उठवून मैदानाला फेऱ्या, सायकलमागं वाळूचं पोतं, खांद्याला तेल, मनगटाला पट्टी. दादा कुरकुरायचा, "जीव घेशील माझा एक दिवस." दोघंही हसायचे.

काल संध्याकाळी पायथ्याच्या लॉजवर लोक जमले. कुणीतरी विचारलं, "यानंतर काय?" दादानं धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला. "यानंतर याहून लांब! पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. हा आहे ना. माझे पाय म्हणजे हाच." टाळ्या वाजल्या. धाकट्यानंही वाजवल्या.

खोलीत आल्यावर तो म्हणाला, "दादा, तू मला शब्द दिला होतास."

"दिला होता रे. पण मला असा टाकून तुझ्या घशाखाली घास उतरेल?" दादा अगदी प्रेमानं म्हणाला. मग जरा थांबून, "त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?"

हा प्रश्न आला की धाकटा दादाचं अंथरूण घालायला लागायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

सकाळी त्यानं सायकल तपासली, तेलपाणी केलं आणि पान्यानं ब्रेकच्या वायरचा नट ढिला केला. हलका दाबला तर ब्रेक धरेल, जोरात ओढला तर वायर सुटेल, इतपतच. मग पाना पुसून पेटीत ठेवला, अगदी रोजच्यासारखा, आणि ह्याचीच त्याला भीती वाटली.

आता लाल झेंडा उताराला लागला. व्हॅन मागं निघाली. पहिलं वळण नीट गेलं. दुसरंही. डाव्या हाताला दरी होती, आणि कठडा मधेमधे ढासळलेला.

धाकट्याला उगाच लहानपण आठवलं. सायकल शिकवताना दादा सीट धरून मागं धावायचा. "पुढं बघ, मी धरलंय," असं ओरडत राहायचा. एकदाही पडू दिलं नव्हतं त्यानं. अरे देवा, आपण हे काय करून बसलो!

त्यानं हॉर्नवर तळवा दाबून धरला. लांब हॉर्न म्हणजे थांब, हे दोघांचं ठरलेलं होतं. दादानं तो ऐकला आणि ठरल्याप्रमाणे ब्रेक करकचून ओढला.

वायर सुटली. सायकल क्षणभर अडखळली आणि सुसाट सुटली.

"दादा! दादा!" धाकटा काचेआडून किंचाळत होता. पुढं वळण होतं आणि तिथं कठडाच नव्हता. सायकल वळली नाही. धुरळा उडाला, लाल झेंडा कड्यावर एकदा हलला आणि दिसेनासा झाला. खालून दगडांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

धाकट्यानं व्हॅन थांबवली. दार उघडून तो उतरला. तो रस्त्यातच बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. आपल्या हातानं आपण भावाला मारलं. आता कुठली सुटका आणि कुठलं काय!

धूळ खाली बसली. वळणावर दादा उभा होता. पायांना उघडलेल्या पट्ट्या लोंबत होत्या. त्यानं विजार झटकली, एकदा दरीत डोकावून पाहिलं आणि चढावर लांबलांब टांगा टाकत तो धाकट्याच्या दिशेनं यायला लागला.