चोरलेला गडगडाट

सरांनी साप्ताहिकाचा अंक संपादकाच्या टेबलावर आपटला. कपातला चहा बशीत सांडला.

"हे सदर कोण लिहितं?"

"बसा ना सर," संपादक म्हणाला. "नाव न छापायच्या अटीवर लिहितात. आत्ता आतच प्रूफं तपासतायत."

"मी बसायला आलेलो नाही."

तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवून कमावलेला आवाज होता तो. सरांनी पिशवीतून आपलं पुस्तक काढलं. इंग्रजी वाक्प्रचारांच्या जन्मकथा, पाचवी आवृत्ती. मुखपृष्ठावर त्यांचं नाव शीर्षकाहून मोठं होतं.

"पान चाळीस बघा, आणि हे तुमचं सदर बघा. 'स्टील माय थंडर'. वाक्यंच्या वाक्यं उचललीयत. स्वल्पविराम बदलायचीही तसदी घेतली नाही."

संपादकाने दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली. "साम्य आहे खरं."

"साम्य? अहो, त्या नाटककाराने रंगमंचावर ढगांचा गडगडाट काढायची नवी युक्ती शोधली. नाटक पडलं, गुंडाळलं गेलं. पुढे त्याच नाट्यगृहात तो दुसऱ्याचं नाटक बघायला गेला, तर गडगडाट त्याचाच. तिथेच ओरडला म्हणतात, माझा गडगडाट चोरला यांनी. दुसऱ्याचं श्रेय लाटणं हा अर्थ तिथून आला. आज मी त्याच्या जागी उभा आहे."

सरांच्या कपाळाची शीर तटतटली होती. याच पुस्तकाने त्यांना दोन पुरस्कार दिले, विभागप्रमुखाची खुर्ची दिली. आणि आता कुणी बिननावाचा उपटसुंभ त्यावर हात मारत होता.

"बाहेर बोलवा त्याला. तोंडावर जाब विचारतो."

"बोलावतो. पण तिकडचं म्हणणंही हेच आहे, सर. मूळ लिखाण आपलंच म्हणून." संपादकाने एक चिठ्ठी पुढे सरकवली. "पुढच्या अंकाचा वाक्प्रचार. तुमच्या पुस्तकात नाही. 'कॉट रेड हँडेड'."

"रंगेहाथ पकडलं जाणं. शेंबडं पोरही सांगेल."

"अर्थ नको. तो आला कुठून, तेवढं सांगा."

सरांनी चिठ्ठी उचलली. दोनदा घसा खाकरला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"टिपणं घरी आहेत," शेवटी ते चिडून म्हणाले. "थांबा मिनिटभर. बायकोला विचारून सांगतो."

त्यांनी फोन लावला.

घंटी आतल्या खोलीत वाजली.