न खपलेली रेकॉर्ड

दर रविवारी जुन्या बाजारात मी कधीच न ऐकलेलं गाणं शोधत फिरतो. त्या दिवशी खोकंभर मिळालं. एकाच बाईंची एकच रेकॉर्ड, शंभर कोऱ्या प्रती. घरी येऊन एक लावली आणि जेवायचं विसरलो.

पत्ता काढून त्यांची सही घ्यायला गेलो. दारावरच्या पाटीवर यजमानांचं नाव होतं, वसंत लिमकर. खोक्यात रेकॉर्डच्या दुकानदाराची एक जुनी चिठ्ठी सापडली होती, तिच्यावरही तेच नाव होतं.

यजमान झोपाळ्यावर बसले होते. बाई रेकॉर्ड हातात घेऊन कसंनुसं हसल्या. “एकही खपली नाही हो. हे दर आठवड्याला दुकानात विचारून यायचे. लोकांना आवडतच नाही म्हटल्यावर मी गाणं सोडलं.”

मी गप्प बसायला हवं होतं. चिठ्ठी पुढे केली. ‘सर्व प्रती श्री. वसंत लिमकर यांनी विकत नेल्या.’ बाईंनी ती दोनदा वाचली.

“कोण आलंय गं? चहा टाक,” झोपाळ्यावरून फर्मान आलं.

“विचारा ना त्यांना,” मी चिडून म्हणालो.

“काय विचारणार?” बाई चहा टाकायला उठल्या. “ऐकू कुठे येतंय त्यांना आता.”