तिसऱ्या ओळीतला श्वास

"प्रज्वलकडे गळा आहे. पण तिसऱ्या ओळीत तो 'भीम' म्हणतो, श्वास घेतो आणि मग 'राया' म्हणतो. नावाचे दोन तुकडे होतात. दर कार्यक्रमात हीच चूक."

'ऐकलेलं' या सदरातलं एवढंच कात्रण. प्रज्वलने ते, सदर लिहिणाऱ्या इंद्रभान यांच्याच टेबलावर आपटलं. रिसोडच्या साप्ताहिकाच्या कचेरीत पंखा बंद होता, तरी म्हाताऱ्याच्या गळ्याभोवती मफलर होता.

"जयंतीचा कार्यक्रम गेला माह्या हातून. कमिटीनं हेच कात्रण दाखवलं मले."

"मंग श्वास दुरुस्त कर." इंद्रभान यांचा आवाज बोलतानाही खरवडल्यासारखा यायचा.

"चूक नाही ते, काका. माह्या गुरूची जागा आहे."

"कोन गुरू?"

"भाग दोन."

सोबत आलेला पेटीवाला धम्मरत्न खुदकन हसला.

पण ते खरं होतं. प्रज्वलच्या वडिलांनी पोहरादेवीच्या जत्रेतून एक कॅसेट आणली होती. गायकाचं नाव नाही. कव्हरवर निळ्या शाईने फक्त 'भाग २'. कुणाच्या तरी घरातच भरलेली. गाणं सुरू होण्याआधी एका बाईचा आवाज यायचा, "दरवाजा लोटा जी, बकरी येईन." मग पेटी. मग तो गळा.

वडील गेले. टेपरेकॉर्डर गेला. प्रज्वलने सगळं मोबाइलवर उतरवून घेतलं, बकरीसकट. त्या गळ्याची एकेक जागा त्याने वर्षानुवर्षं घोटली. त्याच्या गाण्याच्या पार्टीतही ते वाक्य रुळलं. स्टेजवर चढण्याआधी धम्मरत्न म्हणायचा, "दरवाजा लोटा जी!" आणि सगळे ओरडायचे, "बकरी येईन!"

इंद्रभान यांनी मफलर सारखा केला. "चुकला असंन थो."

"त्याच्याबद्दल बोलू नका. तुमी स्टेजवर एक ओळ तरी गाऊन दाखवली का कधी?"

"लिहाले गाणं यावं लागते का?"

"नाही त काय! पाण्यात पाय टाकत नाही अन् काठावरून हात कसे मारायचे थे सांगून राह्यले."

"गाणाऱ्यानं लिहिलं का थो आपल्याच गळ्याच्या मापानं दुसऱ्याले मोजते. म्हनून लिहिणाऱ्यानं गाऊ नाही."

"गाता येत नाही म्हना ना सरळ."

इंद्रभान यांनी कात्रण त्याच्याकडे सरकवलं.

अट प्रज्वलनेच घातली. किन्हीराजा गावच्या कार्यक्रमात इंद्रभान यांनी तेच गाणं म्हणायचं. जमलं, तर प्रज्वल श्वास बदलणार. नाही जमलं, तर 'ऐकलेलं' हे सदर बंद. कायमचं. तेही लिहून द्यायचं.

म्हातारा इतक्या सहज हो म्हणाला, की प्रज्वललाच कसंतरी झालं.

जिना उतरताना धम्मरत्न म्हणाला, "अन् खरंच गायला त?"

"गाते कायचा. खोकलंन."

किन्हीराजा. माणसं ताडपत्रीच्या कडेपर्यंत बसलेली.

इंद्रभान मफलरसकट स्टेजवर आले. माइक हाताने थोडा खाली केला. पेटीकडे न पाहता म्हणाले, "काळी पाच."

"आपलीच पट्टी मागून राह्यला बुढा!" धम्मरत्न प्रज्वलच्या कानात म्हणाला.

पहिल्या ओळीला नुसती हवा निघाली. दुसरीला पत्रा घासल्यासारखा आवाज. मागून शिटी आली. "आबाजी, तेल टाका गळ्यात!" बायका पदरात हसू लागल्या. एकाने मोबाइल वर धरला, मग दहा जणांनी धरले.

तिसरी ओळ आली. इंद्रभान यांनी 'भीमराया' एका दमात म्हटलं. सूर नव्हता, पण तुकडा झाला नाही. हसण्याच्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

ते खाली उतरले आणि पुढच्याच खुर्चीवर बसले.

मग प्रज्वल गायला. 'भीम', श्वास, 'राया'. लोक उभे राहिले. त्याने मुद्दाम पुढच्या खुर्चीकडे बघितलं. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते.

व्हिडिओ, एक मिनिट चार सेकंद: 'समीक्षकाची पोलखोल'. सकाळपर्यंत तो वाशीम, मालेगाव, मानोरा, सगळ्या ग्रुपवर फिरला. दुपारी रिसोडच्या कमिटीचा फोन आला. जयंतीचा कार्यक्रम प्रज्वललाच.

तिसऱ्या दिवशी तो लिहिलेला कागद आणायला इंद्रभान यांच्या घरी गेला. धम्मरत्न बाहेर मोटरसायकलवर थांबला. पहिल्यांदाच आलेला प्रज्वल दार ढकलून सरळ आत शिरला. इंद्रभान खाटेवर बसले होते. आज गळ्याला मफलर नव्हता. कानापासून खाली एक जुना, शिवलेला व्रण होता.

"हे काय झालं, काका?"

"आपरेशन. लय वर्सं झाली." त्यांनी कागद पुढे केला. "घे."

'ऐकलेलं हे सदर आजपासून बंद.' खाली सही. सहीच्या खाली आणखी दोन ओळी होत्या.

'प्रज्वल, तो श्वास सोड. ती जागा नाही. त्या दिवशी ताप होता.'

प्रज्वल हसला. "ताप? कोनाले होता ताप?"

इंद्रभान प्रज्वलच्या मागे, उघड्या राहिलेल्या दाराकडे बघत होते.

आतल्या खोलीतून त्यांच्या बायकोचा, अंजनाबाईंचा आवाज आला, "दरवाजा लोटा जी, बकरी येईन."