आमचं काही अडत नाही

हायासेसाहेब दारात बूट काढत होते आणि सुमिए त्यांच्या हातांकडे बघत होती. साहेबांच्या फेरीतलं तिचं घर शेवटचं. परतीची बोट सुटायला थोडाच वेळ उरला होता आणि साहेबांच्या दोन्ही हातांत सुक्या मासळीच्या पिशव्या होत्या. म्हणजे झालंच की! घरोघर लोकांनी 'आम्हाला काही नको' म्हणत उलट साहेबांनाच भेटी दिल्या असणार, ते पिशव्यांवरूनच कळत होतं.

समुद्राखालून फायबरची तार आणून बेटावरच्या प्रत्येक घरात वेगवान इंटरनेट द्यायचं की नाही, हे बघायला सरकारने त्यांना पाठवलं होतं. खर्च सगळा सरकारचा. विचारायचं एवढंच, की त्यावाचून कोणाचं काही अडतं का. आता आमच्या बेटावरच्या माणसांना असं विचारतात का? इथे पाय मोडलेला माणूससुद्धा पाहुण्याला चहा द्यायला उठतो. शेजारच्या मुराकीआजींचा आवाज सुमिएने कुंपणापलीकडून ऐकला होता. "छे हो साहेब, आम्हा म्हाताऱ्यांवर सरकारने एवढा खर्च कशाला करायचा? ज्यांना खरी गरज आहे त्यांना द्या." आणि ह्याच आजी, व्हिडिओ कॉलवर नातवाचा चेहरा अडकला की डोळ्यांना रुमाल लावून बसतात!

सुमिएची काळजी निराळी होती. तिच्या नवऱ्याला, तोकुजींना, मागे हृदयाचा झटका येऊन गेला होता. बेटावर डॉक्टर नाही. शहरातले डॉक्टर महिन्यातून एकदा पडद्यावरून तपासायचे, पण चित्र मधेच थिजायचं, आवाज तुटायचा. असंच चाललं तर दोघांना शहरात घेऊन जाईन, असं मुलाने बजावलं होतं. तिथल्या सहाव्या मजल्यावर तोकुजी वर्षभरही टिकायचे नाहीत, हे ती ओळखून होती.

साहेबांनी चहाचा घोट घेतला. "वरचे लोक मला विचारतात, मूठभर माणसांसाठी एवढा पैसा समुद्रात का घालायचा? तुम्हीच नको म्हणालात तर मी काय सांगू त्यांना? बोला काका, तुमचं काही अडतं का?"

"छे, छे!" तोकुजी हसले. "आमचं काही अडत नाही. तुम्ही हा खारवलेला मुळा घ्या ना."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. सुमिएने हातातली किटली खाली ठेवली. पाहुण्यादेखत नवऱ्याला खोटं पाडायचं? जन्मात केलं नव्हतं तिने.

"अडतं!" ती ओरडलीच. "साहेब, ह्यांचं ऐकू नका. ह्यांचं हृदय अधू आहे. डॉक्टर धड दिसत नाहीत की ऐकू येत नाहीत. ह्या मेल्या भिडेपायी मला माझा माणूस गमवायचा नाहीये!"

"अगं, जनाची नाही तर मनाची..." तोकुजींचा चेहरा लालबुंद झाला.

हायासेंनी कप खाली ठेवला. "मागच्या तपासणीत डॉक्टर काय म्हणाले, काकू?"

"सगळं ठीक आहे म्हणाले. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते, पण ह्यांनीच सांगितलं मला. हो ना हो?"

बंदरावर बोटीचा भोंगा वाजला.

"डॉक्टर काहीच म्हणाले नाहीत," तोकुजी हळूच म्हणाले. "छातीत दुखतंय असं मी सांगत होतो आणि तेवढ्यात चित्र थिजलं. परत फोन करून त्यांना कशाला त्रास द्यायचा, म्हणून गप्प बसलो. आत्ताही दुखतंय गं."